शाकारलेला कंप्युटर

१

बावीस होड्या किनाऱ्याला टेकून उभ्या, फॅक्टरीत बर्फाच्या लाद्या रचून तयार, आणि सकाळचे नऊ वाजले तरी एक लादी जागची हलली नव्हती. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तोंडवलीत असं कधी झालं नव्हतं. जून-जुलैची मासेमारी बंदी, वर पौर्णिमेपर्यंतची वाट. एवढे दिवस घरात बसून कंटाळलेले तांडेल आणि खलाशी फॅक्टरीच्या अंगणात उभे राहून एकमेकांची डोकी खात होते.

भानगड अशी होती. पौर्णिमेच्या संध्याकाळी देवळासमोर चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याची चिठ्ठी आधी त्याला बर्फ आधी, हा इथला जुना रिवाज. पूर्वी ही यादी वहीत लिहीत. गेली सहा वर्षं ती मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातल्या मोठ्या कंप्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर चढते. ऑफिस फॅक्टरीपासून मैलभर लांब. फॅक्टरीचे मॅनेजर दाजी मेतर आपल्या टेबलावरूनच त्या सर्व्हरमध्ये शिरायचे आणि यादी बघून बर्फ सोडायचे. आज सर्व्हर त्यांना आत घेईना. सोसायटीचे सेक्रेटरी विनीत परुळेकर मालवणातल्या घरून आत शिरायचे, तर त्यांनाही बाहेरच ठेवलेलं. आत जाऊ शकत होती एकटीच, ऑफिसात खुद्द सर्व्हरसमोर बसणारी ऑपरेटर, नाझमीन होडेकर.

नाझमीनने यादी कागदावर छापून पाठवली. बाबू कोयंडे तांडेलाने तो कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"जी एकटी आत जाता, तिचोच कागद? आणि तिच्या भावाचो, रमीझाचो नंबर तिसरो? व्वा रे व्वा!"

मग दाजींनी दीपिकाला फोन लावला. दीपिका धुरीचं मालवणच्या बाजारात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. बाईला एक खोड होती. बंद पडलेली वस्तू दिसली की ती का बंद पडली हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही. दुरुस्तीचे पैसे विसरेल, पण कारण सोडणार नाही. स्कूटर हाणत ती अर्ध्या तासात पोचली.

"गो बाय, हो कंप्युटर माका वळखणा नाय," दाजी रडवेले होऊन म्हणाले. "काल दुपारीच ह्याका भायर काढलंय. बंदी लागली तेव्हा होड्या शाकारल्यो, तसो ह्योपण शाकारून ठेवललंय. खाऱ्या वाऱ्यात कुजता ना!"

कोपऱ्यात खरंच ताडपत्री, सुंभ आणि ओल शोषायला ठेवलेली तांदळाची पुरचुंडी पडली होती. दीपिकाला हसू आलं. पावसाळ्यात होडी झाकून-बांधून शाकारतात तसा कंप्युटर शाकारणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. "एक जूनपासून कालपर्यंत एकदाही चालू केला नाय?"

"वायरच काढललंय, तर चालू खयसून जातलो?"

तिने दाजींचा जुना निळ्या खिडकीचा प्रोग्राम उघडला. लांबच्या कंप्युटरमध्ये सुरक्षितपणे शिरायला वापरतात तसला. क्षणभर काही नाही, आणि मग लाल चौकट आली. सर्व्हरची ओळख बदलली आहे, मध्येच कुणी तोतया बसलेला असू शकतो, तरी पुढे जायचं का, असा तिचा प्रश्न. खाली आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ.

"सकाळपासून धा येळा इचारल्यान," दाजी म्हणाले. "धाही येळा मी 'नको' दाबलंय. तोतयाक कोण घरात घेता?"

दीपिकाच्या अंगावर शहारा आला. तोतया! तिने त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्कूटरला किक मारली.

२

ऑफिसात काशीबाई केळुसकर खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. सोसायटीच्या चेअरमन. चाळीस वर्षं किनाऱ्यावर मासळीचे लिलाव पुकारले, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा रस्त्यावर ऐकू जायचं. समोर नाझमीन, डोळे सुजलेले.

"आज चार वाजता कमिटीची मीटिंग आसा," काशीबाईंनी सांगितलं. "विनीत म्हणता, हिणाच दोघांका भायर काढल्यान. कामावरसून काढूचा आणि पोलिसात कंप्लेंट. त्याणा लेटरपण तयार केल्यान."

"तुम्हाला काय वाटतं, काकी?"

"माका कंप्युटरातला काय कळता? पण गेल्या आठवड्यात ही भर ऑफिसात काय बोलली, ता सगळ्यांनी आयकल्यानी."

नाझमीनने मान वर केली. "बोललंय. सहा वर्षां झाली, अजून रोजंदारीवर आसंय. कायम करा म्हटलंय. मी एक दिस नाय इलंय तर तुमचा काम अडतला, असा म्हटलंय. रागान बोललंय, दीपिकाताय! पण मी कोणाक भायर नाय काढूक. अल्लाची शपथ. चोर म्हणून नाव झाला तर मालवणापासून देवगडापर्यंत माका दारात कोण उभी करतलो?"

दीपिकाला तिची दया आली, पण दयेने कंप्युटर उघडत नाहीत. तिने आधी तोतयाचा बंदोबस्त करायचं ठरवलं. सर्व्हरसमोर बसून तिने त्याची खरी ओळख काढली आणि मोबाइलमधल्या फोटोशी अक्षर-अक्षर ताडून पाहिली. तंतोतंत तीच! मध्ये कुणी बसलं नव्हतं. दाजींच्या दारात आलेला सर्व्हर खराच होता, फक्त त्याचा चेहरा नवा होता.

मग चेहरा बदलला कधी? तेही सापडलं. सर्व्हरच्या दारावरचा, येणाऱ्याला ओळखून आत घेणारा प्रोग्राम अपडेट झाला होता, बावीस जुलै, सकाळी अकरा पन्नास. त्या नव्या आवृत्तीने जुनी ओळख मोडीत काढून नवी केली होती. यादीची फाईलही तिने बघितली. पौर्णिमेच्या संध्याकाळी पावणेसातला लिहिली गेली, त्यानंतर कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

"अपडेट कोणी केलं?"

"माका म्हायतच नाय, असा काय झाला ता," नाझमीन म्हणाली. "समोर बसून काम केला तर सगळा आधीसारखाच दिसता."

दीपिकाने सर्व्हरची आत-बाहेरची नोंद उघडली. हात तिच्या! सर्व्हर जेमतेम महिन्याची पानं ठेवत होता आणि जुलैची केव्हाच पुसली गेली होती. शिवाय तिघेही एकाच नावाने आत शिरायचे, 'सोसायटी'. तिघांत एकच टोपी, मग कोण आलं न् कोण गेलं, ओळखायचं कसं?

"बावीस जुलैला बुधवार होता," कॅलेंडरकडे बघत ती म्हणाली. "ऑफिस उघडं होतं?"

"नाय. बंदीत सोमवार आणि शुक्रवार, दोनच दिस."

"ऑफिसची चावी कुणाकडे असते?"

नाझमीनने ओठ चावला. काशीबाईंनी पाय खाली सोडले.

"माझ्याकडेच," नाझमीन म्हणाली.

३

विनीत परुळेकरांचं घर मालवणात, अंगणात सुपारीची झाडं आणि व्हरांड्यात झोपाळा. पन्नाशीचा टापटीप माणूस. सोसायटीत कंप्युटर आणला तो यांनीच, आणि ते कुणालाही विसरू द्यायचे नाहीत. घरातसुद्धा ऑफिसातलं मराठी बोलायचे.

"मला वाईट वाटतं हो त्या मुलीचं," चहाचा कप पुढे करत ते म्हणाले. "पण शिस्त म्हणून काही आहे की नाही? बावीस होड्या अडकवून ठेवायच्या म्हणजे काय!"

टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता. सही तेवढी बाकी.

"तुम्ही सर्व्हरमध्ये शेवटचं कधी गेला होतात, काका?"

"मे महिन्यात. मग बंदी लागली. बंदीत बर्फ नाही, होड्या नाहीत, मी कशाला उघडतोय? आज सकाळी दाजींचा फोन आला तेव्हाच लॅपटॉप काढला."

"बघू?"

विनीतचा प्रोग्राम वेगळाच होता, काळ्या खिडकीचा, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला. त्यांनी बटण दाबलं आणि लगेच एक ओळ उमटली, 'किल्ली नाकारली.' किल्ली म्हणजे या कंप्युटरात जपून ठेवलेली एक छोटी फाईल. तिच्या जोरावर सर्व्हर माणसाला आत घेतो.

"सकाळपासून तीनदा केलं. तिन्ही वेळा हेच."

"आधी काही विचारलं का त्याने? काही चौकट वगैरे?"

"छे, छे. थेट नकार. तुम्हीच बघितलंत ना?"

दीपिकाने बघितलं होतं. चहा चांगला होता, माणूस सभ्य होता, आणि तरी तिच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचत राहिलं. काय ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

"माझी किल्लीच तिने सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीतून काढून टाकली असणार," निरोप देताना विनीत म्हणाले. "दाजींचीही. तपासा तुम्ही."

हे मात्र खरंच तपासायला हवं होतं. किल्ली काढली असेल, तर काढणारी सर्व्हरसमोर बसणारीच, आणि मग नाझमीनचा निकाल लागलाच म्हणायचा.

४

दाजींची किल्ली दीपिकाने सकाळी फॅक्टरीतच त्यांना विचारून पेन ड्राइव्हवर घेतलेली होती. दुकानात येऊन तिने ती आपल्या लॅपटॉपवरच्या ताज्या प्रोग्रामला दिली. विचार सरळ होता. किल्ली यादीत असेल तर दार उघडेल, नसेल तर नाही.

प्रोग्रामने तिसरंच उत्तर दिलं. ही किल्लीच नाही म्हणे!

"आवशीक खाव!" दीपिका एकटीच मोठ्याने बोलली.

किल्ली कुणी बिघडवली? शाकारलेल्या, वायर काढलेल्या कंप्युटरातली? ती उठली, दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, परत आली. मग तिने ती फाईल नुसतीच उघडून वाचली आणि कपाळावर हात मारला. किल्ली धडधाकट होती. दाजींचा निळा प्रोग्राम किल्ली आपल्या पद्धतीने बांधून ठेवतो आणि हिचा प्रोग्राम दुसऱ्या पद्धतीने. एका सासरचं गाठोडं दुसऱ्या सासरी सोडता येईना, एवढंच. गाठ बदलून द्यायचं साधन तिच्याकडे होतं. पाच मिनिटांत किल्ली नव्या रूपात आली.

तिने पुन्हा बटण दाबलं. सर्व्हर बिनतक्रार उघडला.

दाजींची किल्ली! तीच, जुनीच! म्हणजे सर्व्हरच्या यादीत ती जशीच्या तशी होती. आत शिरल्या शिरल्या दीपिकाने ती यादीही बघितली. तिन्ही किल्ल्या जागेवर, शेवटचा बदल दीड वर्षापूर्वीचा. नाझमीनने कुणालाही काढलं नव्हतं.

मग नकार का? आता तेही उलगडलं. किल्ली दाखवताना प्रोग्रामला सही करावी लागते. दाजींचा आणि विनीतचा, दोघांचे प्रोग्राम जुने, त्यांची सही जुन्या वळणाची. अपडेट झालेला सर्व्हर ते वळण आता कच्चं समजत होता, म्हणून विनीतना दारातून परत पाठवत होता; दाजींनी 'हो' दाबलं असतं तरी त्यांचंही तेच झालं असतं. दीपिकाचा प्रोग्राम त्याच किल्लीने नव्या वळणाची सही करत होता. गुन्हा नाही, चोर नाही. नव्या-जुन्यांचं जमलं नव्हतं, बस्स.

पण बावीस जुलैला अपडेट कुणी केलं? ते कळेपर्यंत काशीबाईंची कमिटी ऐकणार नव्हती. ऑफिसची चावी नाझमीनकडे होती ना! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला लोकांना वेळ लागत नाही.

तिने दोन्ही कंप्युटर मनात शेजारी-शेजारी ठेवले. दोघांचे प्रोग्राम जुने, दोघेही दाराबाहेर. दोघेही मे महिन्यानंतर आज पहिल्यांदाच दारात आलेले. मग दोघांच्या बाबतीत घडलेलं सारखंच असायला हवं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आणि ते कुसळ एकदाचं हाताला लागलं. दाजींना ज्या प्रश्नाने दहादा छळलं, तो प्रश्न विनीतना एकदाही का विचारला गेला नाही?

घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने काशीबाईंना फोन केला. "काकी, विनीतकाकांना लॅपटॉप घेऊन यायला सांगा. दाजींनाही कंप्युटर उचलून आणू दे. दोन्ही दुरुस्त करून देते."

५

ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कमिटीचे पाच जण, खिडकीबाहेर चार-दोन तांडेल, आणि भिंतीला टेकून नाझमीन. टेबलावर दाजींचा कंप्युटर आणि विनीतचा लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडलेले.

दीपिकाने आधी किल्ल्यांचा, सह्यांचा आणि यादीच्या वेळेचा खुलासा केला. रमीझचा तिसरा नंबर चिठ्ठीतलाच होता. बाबू कोयंडेने खिडकीतून मान आत घालून विचारलं, "मगे ह्या अपडेट कोणी केल्यान? बंद ऑफिसात?"

"ऑफिसात यायची गरजच नाही, बाबूदादा. बाहेरून आत शिरलेला माणूसही अपडेट करू शकतो. आता दोन्हीकडे बघा."

तिने दाजींच्या कंप्युटरवर बटण दाबलं. लाल चौकट आली. ओळख बदलली आहे, पुढे जायचं?

"दारावरचा रखवालदार बदलला की प्रोग्राम आपल्याला विचारतो, हा नवा चेहरा ओळखीचा आहे का? 'हो' म्हटलं की तो चेहरा लक्षात ठेवतो आणि परत विचारत नाही. दाजी 'नको' म्हणतात, म्हणून दर वेळी विचारतो. विनीतकाका, आता तुमचं."

विनीतने दाबलं. 'किल्ली नाकारली.' चौकट नाही.

"परत एकदा."

पुन्हा तेच.

"सर्व्हरचा चेहरा बावीस जुलैला बदलला," दीपिका म्हणाली. "तुम्ही मे महिन्यानंतर आजच पहिल्यांदा गेलात. मग तुमच्या लॅपटॉपला तो नवा चेहरा ओळखीचा कसा? त्याने आज तुम्हाला एकदाही विचारलं नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत."

"चुकून... सकाळी 'हो' दाबलं असेल मी. लक्षात नाही," विनीत म्हणाले.

"असेल. ओळखीचे चेहरे तुमचा प्रोग्राम एका फाईलीत लिहून ठेवतो. तिच्यावर शेवटच्या बदलाची तारीख असते. बघू?"

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला नाही. ती नुसती थांबली. विनीतने स्वतःच ती फाईल उघडली, बघितली आणि लॅपटॉप हळूच काशीबाईंकडे वळवला. बावीस जुलै, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं.

"दाजींनी कंप्युटर शाकारून ठेवला नसता, तर हे मला कळलंच नसतं," दीपिका म्हणाली. "त्याच्यामुळे आज पहिल्यांदा दारात येणाऱ्याला काय दिसतं ते समजलं."

"अपडेट मीच केलं," विनीत म्हणाले. "घरून आत गेलो होतो. सर्व्हरने विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची? सुरक्षेसाठी चांगलं असतं असं वाचलं होतं. 'हो' म्हटलं. मग बाहेर पडलो आणि परत आत जाता येईना. तीन दिवस प्रयत्न केले. वाटलं, पौर्णिमेपर्यंत सुचेल काहीतरी."

"आणि सुचला ता ह्या?" काशीबाईंनी तक्रारीचा कागद उचलून धरला.

"कंप्युटर मी आणला. मलाच येत नाही म्हटलं असतं तर गाव हसलं असतं. आज सगळे नाझमीनचंच नाव घेऊ लागले... मी गप्प राहिलो."

नाझमीन भिंतीपासून पुढे आली. सकाळपासून रडलेली पोर आता रडत नव्हती.

"लोक हसतले म्हणून तुमका भ्याव वाटला," ती म्हणाली. "आणि माका लोक चोर म्हणतले, त्याचा तुमका कायच नाय वाटला?"

विनीतने मान खाली घालून लॅपटॉप मिटला. दीपिकालाही कुठे बघावं कळेना. कोडं सुटल्याचा सकाळपासूनचा उत्साह एकदम ओसरला. या पोरीने आजचा दिवस कसा काढला असेल, हे तिने कोड्याच्या नादात नीट विचारलंच नव्हतं.

"सोमवारी तुझी कायमची ऑर्डर काढतंय," काशीबाई म्हणाल्या. "कमिटीत कोणाक काय म्हणूचा आसा?" कुणाची काय बिशाद!

"ऑर्डर सोमवारी चलात," नाझमीन म्हणाली. "पण माझ्या आवशीक आज कोण सांगतलो? लोकांनी सकाळी दारात येवन इचारल्यानी, तुझ्या चेडवान काय केल्यान म्हणून. तेव्हापासून दार लावन बसली हा. जेवकपण नाय."

काशीबाईंनी विनीतकडे नुसतं बघितलं. विनीतने चपला घातल्या.

होडेकरांचं घर ऑफिसच्या मागच्याच पाणंदीत होतं. दाजी दीपिकाने घालून दिलेल्या नव्या प्रोग्रामवर यादी उघडून फॅक्टरीकडे पळाले, आणि बाकीचे पाणंदीने निघाले. नाझमीनने हाक मारली तेव्हा तिच्या आईने, हवाबीने, दाराची एकच फळी उघडली. विनीत उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळं बोलले, अपडेटपासून कागदापर्यंत, काही न गाळता. आवाज इतका खाली गेला होता की मागे उभ्या दीपिकाला निम्मं ऐकूच आलं नाही. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विनीतना काही न म्हणता तिने मुलीला विचारलं, "खरा?"

नाझमीनने होकाराची मान डोलावली.

हवाबीने दुसरी फळीही उघडली आणि बाहेर आली.

"आता फॅक्टरीच्या आंगणात जा," ती विनीतना म्हणाली. "थय ह्याच परत सांग, पण मोठ्यान. हय आयकूक मी एकटीच आसंय."